मोठ्या आतड्याचा कॅन्सर वेळेत कसा पकडायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत या आजाराबद्दल विचारायला येणारे साधारण दोन प्रकारचे असतात. एकाला वर्षभर शौचावाटे रक्त पडतंय आणि तो मूळव्याधीचं मलम लावतोय. दुसऱ्याला काडीचा त्रास नाही, पण ऑफिसच्या हेल्थ पॅकेजमध्ये कुठलासा ‘ट्यूमर मार्कर’ किंचित वाढलेला आला म्हणून त्याची झोप उडालीय. खालची उत्तरं दोघांसाठी आहेत, पण आमचा कल पहिल्याकडे जास्त आहे. या शहरात उशीर होतो तो मुख्यतः त्याच्या बाबतीत.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर म्हणजे नेमका कुठला?

लहान आतडं संपलं की उजव्या बाजूला, अपेंडिक्सजवळ, मोठं आतडं सुरू होतं. तिथून ते वर चढतं, आडवं जातं, डावीकडून खाली उतरतं आणि गुदाशयात येऊन संपतं. लांबी साधारण दीड मीटर. या अख्ख्या मार्गात कुठेही झालेला कॅन्सर या नावाखाली येतो. भारतातल्या रुग्णांमध्ये गुदाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण बरंच मोठं आहे. म्हणजे बऱ्याचदा गाठ अगदी शेवटच्या टप्प्यात, बोटाच्या अंतरावर असते. पुढे ते कामाला येईल.

हा कॅन्सर व्हायच्या आधीच रोखता येतो म्हणतात. खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे. बहुतेक वेळा सुरुवात पॉलिपपासून होते. आतड्याच्या अस्तरावर मांसाचा छोटा कोंब उगवतो. सगळे पॉलिप कॅन्सरकडे जात नाहीत. जे जातात त्यांनाही साधारण दहा वर्षं लागतात, कारण पेशींच्या जनुकांमध्ये एकामागून एक बिघाड साठावे लागतात. आधी बहुधा एपीसी नावाच्या जनुकात, मग केरासमध्ये, मग टीपी५३ मध्ये. ही साखळी फिअरन आणि व्होगलस्टाइन यांनी १९९० मध्ये मांडली आणि ती आजही शिकवली जाते.

इतका वेळ फार थोडे कॅन्सर देतात. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतूनच (गुदद्वारातून आत घालायची लवचिक नळी; या तपासणीला कोलोनोस्कोपी म्हणतात), पोट न उघडता, तारेच्या फासाने पॉलिप कापून काढला. तिथून तपासणी आणि प्रतिबंध एकाच बैठकीत होऊ लागले. अमेरिकेच्या ‘नॅशनल पॉलिप स्टडी’ने १९९३ मध्ये दाखवलं की पॉलिप काढलेल्यांमध्ये पुढे कॅन्सर अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्के कमी झाला. २०१२ मध्ये त्याच लोकांचे पुढचे आकडे आले, तेव्हा या कॅन्सरने होणारे मृत्यू अपेक्षेच्या निम्म्याहून कमी भरले. ही तुलना सर्वसाधारण लोकसंख्येशी होती, चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन गटांमध्ये नव्हे. त्यामुळे आकडा थोडा उदार असू शकतो. दिशा मात्र पक्की आहे.

मला मूळव्याध आहेच. रक्त त्याचंच असणार ना?

असू शकतं. रक्त पडणाऱ्या बहुतेकांना मूळव्याध किंवा फिशरच (गुदद्वाराची चीर) असतं. घोळ इथेच होतो: मूळव्याध आहे म्हणून कॅन्सर नाही, असा कुठलाही नियम नाही. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात.

रंगावरून ठरवायला जाऊ नका. लालभडक रक्त म्हणजे मूळव्याध आणि काळपट म्हणजे कॅन्सर, हे अर्धवट ज्ञान आहे. गाठ गुदाशयात असेल तर रक्त लालभडकच पडतं. खालच्या गोष्टी दिसल्या तर मात्र मलम बाजूला ठेवा: रक्त शौचात मिसळून येतंय किंवा सोबत आंव पडतेय, जाऊन आलं तरी पाच मिनिटांत परत जावंसं वाटतंय आणि बसल्यावर काहीच होत नाही, सवय बदलून काही आठवडे झाले, म्हणजे नेहमी नियमित असणाऱ्याला कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, वजन आपोआप उतरतंय.

रक्त-आंव पडली की आपल्याकडे ‘अमिबा झालाय’ असं ठरतं आणि गोळ्यांचा कोर्स होतो. थोडं बरं वाटतं, महिन्याने पुन्हा तेच, पुन्हा कोर्स. एक कोर्स ठीक आहे. दुसऱ्याच्या आधी आत बघायला हवं. लोकलच्या डब्यात ‘बिना ऑपरेशन मूळव्याध, भगंदर गायब’ अशी पत्रकं चिकटवलेली असतात. त्यातल्या किती ठिकाणी उपचाराआधी रुग्णाला साधं तपासतात, हा प्रश्न विचारून बघण्यासारखा आहे.

आणि तपासणी म्हणजे काय, तर पहिली पायरी फुकटची आहे. डॉक्टर हातमोजा घालतात, जेली लावतात, तुम्हाला डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात आणि बोटाने आत चाचपतात. मिनिटभराचं काम. खालच्या गुदाशयातली गाठ एवढ्यातच हाताला लागते. तरीही ही तपासणी टळते, कारण रुग्णाला संकोच, डॉक्टरांना घाई आणि पडद्यापलीकडे पंधरा जण रांगेत. म्हणून तुम्हीच म्हणा, ‘डॉक्टर, रक्त पडतंय, एकदा तपासून बघता का?’ असं विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

रक्त दिसत नाही, पण हिमोग्लोबिन कमी आहे. याचा संबंध आहे का?

उजव्या बाजूच्या गाठी थोडं थोडं, डोळ्यांना न दिसणारं रक्त गमावत राहतात. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोहाच्या कमतरतेमुळे ॲनिमिया झाला, तर रक्त जातंय कुठे हे शोधायलाच हवं. नुसतं टॉनिक देऊन आकडा वर आणला तर खूण पुसली जाते आणि आजार तसाच राहतो. (लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं. त्याने घाबरू नका.)

वय पस्तीस. या वयात होतो का?

होतो. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने २०१७ मध्ये ८०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास होतं. पाश्चात्त्य देशांत हेच वय साठीच्या पुढे असतं. आपली लोकसंख्याच तरुण आहे, हे त्याचं एक कारण. पण तेवढंच नाही. अमेरिकेतल्या २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांच्या तुलनेत १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना त्याच वयात गुदाशय सोडून बाकीच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा चौपट दिसला. म्हणूनच तिथे तपासणी सुरू करण्याचं वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणलं.

तरुणांमध्ये निदानाच्या आधी तीन महिने ते दोन वर्षं चार तक्रारी जास्त दिसतात, असं २०२३ च्या एका संशोधनातून पुढे आलं: पोटदुखी, रक्त पडणं, जुलाब आणि लोह कमी असल्याने झालेला ॲनिमिया. यातली एकही तक्रार दुर्मीळ नाही, हीच अडचण. पण दोन एकत्र आल्या तर वय लहान म्हणून सोडून देऊ नये.

भारतात हा आजार कमी आहे ना? मग सगळ्यांची तपासणी कशाला?

प्रश्न रास्त आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजांनुसार जगात वर्षाला सुमारे १९ लाख नवे रुग्ण आणि ९ लाख मृत्यू, तर भारतात सुमारे ६५ हजार नवे रुग्ण. लाखामागचं प्रमाण बघितलं तर अमेरिकेचं आपल्या पाचपटीच्या पुढे जातं. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तिशीनंतर तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, मोठ्या आतड्याची नाही. आमच्या मते आज तरी ते योग्य आहे. जिथे आजार विरळ, तिथे हजारो निरोगी लोकांना तपासून थोडे सापडतात आणि खोट्या धोक्याच्या घंटा जास्त वाजतात.

पण ‘भारत’ म्हणून सरासरी काढली की मुंबई त्यात हरवते. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासून चालू आहे. देशातली ही पहिली. सोलापूर जिल्ह्यात बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून. बार्शीत हा आजार मुंबईपेक्षा कमी आढळतो. शहरी खाणं, बैठं काम, वाढतं वजन यांचा हिशेब यात असणारच, आणि मुंबईत निदानाच्या सोयी जास्त हेही खरं.

स्वस्त पद्धतीने मोठ्या प्रमाणावर तपासणी करणं या शहराला नवीन नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी फक्त व्हिनेगर लावून गर्भाशयमुख तपासलं आणि त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्के कमी झाले. मोठ्या आतड्यासाठी असा अभ्यास इथे झाला, तर तो सरसकट न करता वय, घरातला इतिहास, तंबाखू बघून धोका जास्त असणाऱ्यांपासून सुरू व्हावा, असं आम्हाला वाटतं.

शौचाची ‘फिट’ चाचणी काय असते?

डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी. छोट्या बाटलीच्या झाकणाला खाचांची काडी असते. ती शौचाच्या पृष्ठभागावर चार-पाच ठिकाणी फिरवायची, परत बाटलीत खोचायची आणि झाकण घट्ट लावायचं. नमुना कमोडच्या पाण्यात पडता कामा नये, म्हणून आधी कागद अंथरावा. फिट फक्त माणसाच्या रक्तातलं प्रथिन ओळखते, त्यामुळे मटण-मासे सोडायची गरज नाही. जुन्या प्रकारच्या चाचणीत ती असायची.

पुरावा जुना आणि भक्कम आहे. अमेरिकेत मिनेसोटामध्ये ४६ हजारांवर लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निकाल १९९३ मध्ये आले. दरवर्षी जुन्या प्रकारची रक्तचाचणी केलेल्यांमध्ये तेरा वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू ३३ टक्के कमी झाले. जपानने तर १९९२ पासूनच फिटवर राष्ट्रीय कार्यक्रम उभा केला. स्पेनमधल्या अभ्यासाचे २०२५ चे निकाल आणखी बोलके आहेत. दर दोन वर्षांनी फिट करायला बोलावलेला गट आणि एकदाच दुर्बिणीला बोलावलेला गट, दहा वर्षांनी दोन्हींत मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. फिटला लोक जास्त आले, हे त्यामागचं एक कारण.

मुंबईत दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, उकाडा. गरमीत नमुन्यातलं रक्ताचं प्रथिन मोडतं आणि आजार असूनही चाचणी ‘ठीक’ म्हणू शकते. एप्रिल-मेमध्ये बाटली दिवसभर बॅगेत घेऊन फिरू नका. लगेच द्या, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. दोन, हगवण किंवा मूळव्याधीचं रक्त पडत असताना ही चाचणी करू नका. आणि डोळ्यांना रक्त दिसतच असेल तर फिट करून ‘निगेटिव्ह आली’ म्हणत निर्धास्त होणं ही चक्क फसगत आहे. ही चाचणी त्रास नसलेल्यांसाठी आहे.

मग सरळ दुर्बिणीचीच तपासणी सगळ्यांनी का करू नये?

कारण कागदावर उत्तम असलेली तपासणी लोक करून घेत नाहीत. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या ८४ हजारांवर लोकांच्या अभ्यासाचे दहा वर्षांचे निकाल २०२२ मध्ये आले. कोलोनोस्कोपीला बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच प्रत्यक्ष आले. बोलावलेल्या गटात कॅन्सर १८ टक्के कमी झाला, मृत्यूंमधला फरक मात्र ठोस निघाला नाही. बातम्यांनी त्यावरून ‘कोलोनोस्कोपी निरुपयोगी’ असा सूर लावला. तो चुकीचा होता. न आलेल्यांचा हिशेबही त्याच गटात धरलेला होता.

शिवाय धोका शून्य नाही. आतड्याला छिद्र पडण्याचं प्रमाण दहा हजारांत सुमारे तीन, मोठ्या रक्तस्रावाचं सुमारे पंधरा. पॉलिप काढल्यास थोडं जास्त. त्रास असलेल्या किंवा फिट पॉझिटिव्ह आलेल्या माणसाने या आकड्यांना भिऊन तपासणी टाळावी इतके ते मोठे नाहीत. काहीच त्रास नसलेल्या, घरात कोणाला नसलेल्या तिशीतल्या माणसाने मात्र पॅकेज आहे म्हणून ती करून घेऊ नये.

आदल्या दिवशी जुलाबाचं औषध घ्यावं लागतं. चाळीत राहतो, संडास सार्वजनिक आहे. कसं जमवायचं?

ही अडचण कुठल्याही शोधनिबंधात सापडणार नाही, पण मुंबईत कित्येक तपासण्या इथेच अडतात. पावडर एक-दोन लिटर पाण्यात विरघळवून प्यायची असते आणि त्यानंतर काही तास सारखं जावं लागतं. शेवटी बाहेर पडणारं पाणी फिकट पिवळं, पारदर्शक दिसलं पाहिजे. आतडं साफ नसेल तर पॉलिप दिसत नाहीत आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

तारीख घेतानाच सांगा की घरात संडास नाही. शक्य असेल तर दुपारची वेळ मागा. मग औषधाचा मोठा भाग त्याच दिवशी सकाळी घेता येतो आणि रात्री अंधारात रांगेत उभं राहावं लागत नाही. औषध आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी पहाटे असं दोन हप्त्यांत घेतलं तर आतडं जास्त चांगलं साफ होतं, असं अनेक अभ्यास सांगतात. पण तुम्हाला कसं जमेल ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. नातेवाइकाच्या घरात स्वतंत्र संडास असेल तर एक रात्र तिथे काढा. काही रुग्णालयं वयस्कर किंवा अडचणीतल्या रुग्णाला आदल्या दिवशी भरती करून घेतात. मागितल्याशिवाय ते कोणी देऊ करत नाही. पाणी ठराविक वेळेलाच येत असेल तर दोन बादल्या आधीच भरून ठेवा. घरच्यांना आणि शेजारच्या एखाद्या जाणत्या बाईला कल्पना द्या, म्हणजे सकाळच्या रांगेत पुढे सोडतील.

दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, टोमॅटो, काकडी, पेरू, तीळ, सालं असलेली कडधान्यं बंद. बिया आणि सालं दुर्बिणीच्या तोंडाशी अडकतात. मऊ भात, गाळलेलं वरण, दही चालतं. आदल्या दिवशी डॉक्टर सांगतील त्या वेळेपासून फक्त पातळ: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. बीट आणि लाल सरबत नको, आत रक्तासारखं दिसतं. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवतात. मधुमेहाची, रक्त पातळ करायची औषधं स्वतःच्या मनाने ना चालू ठेवा ना बंद करा, विचारा.

गुंगीचं इंजेक्शन देतात, त्यामुळे सोबत माणूस हवाच. परतताना गर्दीच्या लोकलच्या दारात उभं राहायचं नाही, त्या दिवशी गाडीही चालवायची नाही.

दुखतं का?

गुंगीत बहुतेकांना फारसं काही आठवतही नाही. नंतर थोडा वेळ पोट फुगल्यासारखं वाटतं, वायू सरला की मोकळं होतं.

हेल्थ पॅकेजमधली सीईए चाचणी कॅन्सर लवकर पकडते का?

नाही. सीईए हा रक्तातला एक ट्यूमर मार्कर. ही चाचणी कॅन्सरचं निदान झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवायला उपयोगी आहे. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती बऱ्याचदा नॉर्मल असते, आणि सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये, यकृताच्या आजारात कॅन्सर नसतानाही वाढते. निरोगी माणसाच्या पॅकेजमध्ये ती घालण्यात लॅबचा फायदा आहे, तुमचा नाही.

रक्तातले डीएनएचे तुकडे शोधणाऱ्या चाचण्या वेगळ्या. अमेरिकेत अशा एका चाचणीला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. तिने कॅन्सर ८३ टक्के रुग्णांत ओळखला, पण कॅन्सरपूर्व मोठे पॉलिप जेमतेम १३ टक्के. म्हणजे आजार झाल्यावर सांगेल, टाळायला फारशी मदत करणार नाही.

वडिलांना झाला होता. मी काय करू?

वयाच्या चाळिशीला, किंवा वडिलांचं निदान ज्या वयात झालं त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी. वडील ४६ चे असताना निदान झालं असेल तर तुमची ३६ ला.

घरात दोन-तीन जणांना, त्यातही पन्नाशीच्या आत, मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या पिशवीचा कॅन्सर झाला असेल तर लिंच सिंड्रोमचा विचार व्हायला हवा. यात डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांत जन्मतःच दोष असतो आणि पॉलिपचा प्रवास दहा वर्षांऐवजी दोन-तीन वर्षांत उरकू शकतो. अशांना विशीच्या मध्यापासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बीण लागते. लिंच असलेल्या ८६१ जणांवरच्या ब्रिटिश नेतृत्वाखालच्या अभ्यासात दोन वर्षं रोज ॲस्पिरिन घेतलेल्यांमध्ये पुढच्या काळात हा कॅन्सर स्पष्टपणे कमी झाला. हे ऐकून घरात सगळ्यांना ॲस्पिरिन सुरू करू नका. सर्वसामान्यांसाठी केवळ या कारणाने ॲस्पिरिन घ्यावी अशी शिफारस आता नाही. पोटातल्या रक्तस्रावाचा धोका खरा आहे.

अल्सरेटिव्ह कोलायटिस असणाऱ्यांनी आजार सुरू होऊन आठ वर्षं झाली की दुर्बिणीच्या फेऱ्या सुरू कराव्यात, मग लक्षणं शांत असली तरी.

आम्ही शुद्ध शाकाहारी. मग आम्हाला नाही ना होणार?

होऊ शकतो. सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केलं. रोज ५० ग्रॅममागे धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. पण दारू, तंबाखू, पोटाचा घेर आणि दिवसभर खुर्चीवर बसणं याला शाकाहाराची आडकाठी नाही. वडापाव आणि फरसाणही शाकाहारीच.

तंतुमय पदार्थ भरपूर खाणाऱ्यांमध्ये हा आजार कमी दिसतो. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी, पालेभाज्या हे आपल्या घरातलंच आहे. मात्र पॉलिप काढलेल्यांना नंतर जास्त फायबर दिल्यावर पॉलिप पुन्हा येणं थांबलं नाही, हे २००० च्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचीही २०१५ मध्ये तीच गत झाली. तेव्हा भाकरी खा, फायबरचे आणि गोळ्यांचे डबे विकत घेऊ नका.

व्यायामाचा पुरावा २०२५ मध्ये अनपेक्षितपणे मजबूत झाला. केमोथेरपी संपलेल्या ८८९ रुग्णांपैकी ज्यांनी तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केला, त्यांच्यातले आठ वर्षांनी ९० टक्के जिवंत होते. फक्त माहितीपुस्तिका मिळालेल्यांमध्ये ८३ टक्के.

जंतूंमुळे होतो, असं वाचलं.

काही ई. कोलाय जंतू कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात आणि ते डीएनएवर ओळखू येईल असा ठसा सोडतं. २०२५ च्या अकरा देशांच्या अभ्यासात चाळिशीच्या आतल्या रुग्णांमध्ये हा ठसा सत्तरीपुढच्यांपेक्षा तिपटीहून जास्त सापडला. कदाचित लहानपणीच हा घाव बसत असावा. यावरून आज कुठलंही औषध किंवा प्रोबायोटिक घ्यायचं नाही.

एआय असलेली दुर्बीण जास्त चांगली का?

पॉलिप थोडे जास्त सापडतात. पण पोलंडमध्ये एआयची सवय लागलेल्या डॉक्टरांचं एआयशिवाय पॉलिप शोधण्याचं प्रमाण २८ वरून २२ टक्क्यांवर आलं, असंही २०२५ मध्ये दिसलं. मशिनपेक्षा बघणाऱ्याला महत्त्व द्या. ज्या डॉक्टरांना पॉलिप जास्त वेळा सापडतात, त्यांच्या रुग्णांना पुढे कॅन्सर कमी होतो, हे २०१४ मध्येच सिद्ध झालंय.

मुंबईत कुठे जायचं?

नुसतं रक्त पडतंय म्हणून थेट टाटाच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. केईएम, सायन, नायर किंवा जे.जे.च्या सर्जरी किंवा गॅस्ट्रोच्या ओपीडीत जा. दुर्बीण तिथे होते, खर्चही खाजगीच्या तुलनेत फार कमी. बायोप्सीत कॅन्सर निघाला तर पुढे जाताना रिपोर्टसोबत पॅथॉलॉजीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉकही (ज्यात तुकडा जपून ठेवतात) मागून घ्या, ते पुन्हा बघितले जातात.

पॉलिप काढला. आता परत कधी?

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. एक-दोन लहान ॲडिनोमा (कॅन्सरकडे जाऊ शकणाऱ्या प्रकारचे पॉलिप) असतील तर अमेरिकेतल्या सध्याच्या शिफारशी सात ते दहा वर्षं म्हणतात. तीन-चार असतील तर तीन ते पाच वर्षं. एक सेंटिमीटर किंवा मोठा असेल, किंवा पेशी जास्त बिघडलेल्या असतील तर तीन वर्षं. आतडं नीट साफ नव्हतं असं रिपोर्टमध्ये लिहिलं असेल तर हे आकडे लागू नाहीत, तपासणी लवकर पुन्हा करावी लागते. दुर्बिणीचा आणि पॅथॉलॉजीचा, दोन्ही रिपोर्टचे फोटो काढून घरातल्या कोणाला तरी व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. पुढच्या खेपेला डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतील.